मेजर कुठलं घ्यायचं? न्यू जर्सीतल्या एका प्री-मेड विद्यार्थिनीचं प्रकरण

मुलगी एकोणीस वर्षांची. न्यू जर्सीतल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला नुकतीच गेलेली. डॉक्टर व्हायचं हे पक्कं, पण मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, कुठलं हे ठरत नव्हतं, आणि घरात तीन माणसांची चार मतं होती.

बाबा मुंबईच्या यूडीसीटी या रासायनिक तंत्रज्ञानाच्या संस्थेतून शिकून आलेले, इथे औषध कंपनीत. त्यांचं म्हणणं बायोकेमिस्ट्री. वैद्यकीय प्रवेश नाहीच मिळाला तर हातात नोकरी देणारी पदवी हवी, हा त्यांचा मुद्दा. आईचं पुण्यात मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी झालेलं. तिच्या मते सेल बायॉलॉजी आणि न्यूरोसायन्स, कारण ओळखीतल्या बहुतेक प्री-मेड, म्हणजे वैद्यकीय शाळेची तयारी करणाऱ्या, मुलांनी तेच घेतलंय. मुलगी स्वतः पब्लिक हेल्थ आणि संख्याशास्त्र या दोहोंत अडकलेली. पहिलं आवडतं म्हणून, दुसरं जमतं म्हणून, असं तिनेच सांगितलं. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ठाण्याची आजी विचारायची, ‘अगं, तुझ्या मावसभावाचं एमबीबीएसचं दुसरं वर्ष चालू झालं, तुझं पहिलं कधी?’

मी समुपदेशक म्हणून अशा घरांतल्या मुलांचे कागद बरेचदा बघते. हे प्रकरण सविस्तर मांडते आहे, कारण यात आपल्या घरांत होणारा एक ठरावीक गोंधळ फार स्वच्छ दिसतो.

महाराष्ट्रात अकरावीला पीसीबी की पीसीएम हे ठरतं आणि तिथेच एक दार बंद होतं. जीवशास्त्र नसेल तर नीटला बसता येत नाही, आणि ज्याने ते घेतलं तो एका रांगेत उभा राहतो. आईबाबांच्या डोक्यात मेजर म्हणजे तोच ग्रुप. इथे तसं नाही. इथे आधी पदवी, मग वैद्यकीय शाळा. प्री-मेड नावाची पदवी नाही, बहुतेक ठिकाणी तसं मेजरही नाही. वैद्यकीय शाळा ठरावीक विषय मागतात: प्रयोगशाळेसह वर्षभर जीवशास्त्र, वर्षभर जनरल केमिस्ट्री, वर्षभर ऑरगॅनिक केमिस्ट्री, वर्षभर भौतिकशास्त्र, शिवाय बहुतेक ठिकाणी एक सेमिस्टर बायोकेमिस्ट्री, इंग्रजी लेखन आणि थोडं गणित किंवा संख्याशास्त्र. शाळेगणिक यादी बदलते. काही शाळांनी तर यादी काढून टाकून नुसती ‘काय यायला हवं’ एवढंच सांगितलंय. हे विषय पुरे करून कोणी इतिहासाची पदवी घेतली तरी अर्ज करता येतो. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय शाळेने १९८७ पासून मानव्यविद्येच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी वाट ठेवली. ऑरगॅनिक, भौतिकशास्त्र आणि एमकॅट ही प्रवेश परीक्षा यांतून त्यांना सूट होती. पुढे वर्गमित्रांशी तुलना केली तेव्हा ही मुलं मागे पडलेली दिसली नाहीत.

आधी पदवी, मग वैद्यकीय शाळा हा क्रमसुद्धा फार जुना नाही. आनंदीबाई जोशी १८८३ साली याच न्यू जर्सीत, रोझेलला कार्पेंटर कुटुंबाकडे उतरल्या. भारतीयांच्या वस्तीसाठी ओळखल्या जाणाऱ्या एडिसनहून गाडीने अर्ध्या तासाचं अंतर. तिथून त्या फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजात गेल्या तेव्हा त्यांच्याकडे कुठलीच पदवी नव्हती आणि कॉलेजने ती मागितलीही नाही. १८८६ मध्ये त्या एमडी झाल्या; इथे एमडी ही डॉक्टरकीची पहिलीच पदवी. जॉन्स हॉपकिन्सची वैद्यकीय शाळा १८९३ मध्ये उघडली ती पदवीची अट घालूनच, आणि वैद्यकीय शिक्षणावरच्या १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानंतर विज्ञानाचा पाया सगळीकडे सक्तीचा होत गेला. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते हसून म्हणाले, ‘ताई, म्हणजे आपण एकशे चाळीस वर्षं उशिरा आलो.’

आता मुलीचे कागद. बारावीत असताना तिने बीएस-एमडीच्या काही जागांसाठी अर्ज केले होते. या कार्यक्रमांत बारावीतूनच पदवी आणि वैद्यकीय शाळा या दोन्हींच्या जागा नक्की होतात. जागा मूठभर, मिळाली नाही, विषय संपला. जन्म इथलाच, त्यामुळे नागरिकत्वाचा प्रश्न नव्हता. ज्यांची मुलं एच-४ वर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, आहेत त्यांनी मात्र मेजरआधी तो प्रश्न हाती घ्यावा. एकविसाव्या वर्षी तो दर्जा संपतो, आणि बऱ्याच वैद्यकीय शाळा परदेशी नागरिकांचे अर्जच घेत नाहीत.

पहिल्या वर्षाचे ग्रेड असे होते. जनरल केमिस्ट्री एक आणि दोन, दोन्हींत बी. जीवशास्त्र एक बी प्लस, दोन ए मायनस. कॅल्क्युलस एक ए मायनस. संख्याशास्त्र ए. लेखन ए, मानसशास्त्र ए. एकूण २९ क्रेडिट, जीपीए, म्हणजे चारपैकी ग्रेडची सरासरी, ३.५४. विद्यापीठाच्या पोर्टलवर एवढा एकच आकडा दिसतो आणि घरात चर्चा त्यावरच चालली होती.

एमडी शाळांचे बहुतेक अर्ज एमकॅस या सामाईक यंत्रणेतून जातात, आणि तिथे जीपीए नव्याने काढला जातो. जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित यांचा वेगळा विज्ञान जीपीए निघतो. त्यात विषयाचा आशय बघतात, विभागाचं नाव नाही. कुठलाही विषय पुन्हा दिला तरी जुना ग्रेड पुसला जात नाही, दोन्ही धरले जातात. या पद्धतीने तिचा विज्ञान जीपीए आला ३.४३. तुलनेसाठी सांगते, २०२३ मध्ये एमडी शाळांत प्रत्यक्ष दाखल झालेल्यांची सरासरी एकूण ३.७७ आणि विज्ञानात ३.७१ च्या आसपास होती. त्या वर्षी साधारण बावन्न हजारांनी अर्ज केले आणि तेवीस हजारांना जागा मिळाली. सरासरी म्हणजे किमान रेषा नव्हे, तिच्याखालचीही पुष्कळ मुलं आत जातात. तरी अंतर खरं होतं, आणि बाबांचा चेहरा पडला.

बायोकेमिस्ट्रीचा मुद्दा मी तिथेच बाजूला ठेवला नाही, कारण बाबांचा तर्क चुकीचा नव्हता. अर्ज करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांना त्या वर्षी कुठेच जागा मिळत नाही. मग हातात काय राहतं हे विचारायलाच हवं, आणि रावेपासून प्रिन्स्टनपर्यंत औषध कंपन्या पसरलेल्या राज्यात रसायनाची पदवी वाया जात नाही. प्रश्न एवढाच की ही पदवी या मुलीची आहे की बाबांची.

आम्ही चौघं जेवणाच्या टेबलाशी बसलो आणि एक तक्ता केला. कुठलंही मेजर घेतलं तरी तिला पुढे ऑरगॅनिकची दोन सेमिस्टर आणि लॅब, भौतिकशास्त्राची दोन, बायोकेमिस्ट्री, जेनेटिक्स आणि फिजिऑलॉजी करायचंच होतं. ते २७ क्रेडिट. त्यांची सरासरी आम्ही पहिल्या वर्षाच्या अनुभवावरून ३.४ धरली. त्यापुढे प्रत्येक मेजरचे जादा विज्ञान-क्रेडिट मांडले.

बायोकेमिस्ट्रीला साधारण २५ जादा. फिजिकल केमिस्ट्रीची दोन सेमिस्टर, आणखी बायोकेमिस्ट्री, लॅब. रसायनात तिला दोनदा बी मिळालेला, म्हणून इथे ३.३ धरले. पदवीच्या शेवटी विज्ञान जीपीए ३.३७. न्यूरोसायन्सला २० जादा, ३.६ ने, शेवट ३.४७. पब्लिक हेल्थचे बहुतेक विषय एमकॅसमध्ये विज्ञानात मोजत नाहीत, त्यामुळे तिथे सुधारायला वावच कमी: ३.४१, मात्र एकूण जीपीए सगळ्यांत चांगला, ३.६७. संख्याशास्त्राला ३५ जादा क्रेडिट, आणि संख्याशास्त्र एमकॅसच्या लेखी गणितच. ३.७५ धरले तर शेवट ३.५५.

आईने आकडे पाहून लगेच विचारलं, ‘म्हणजे स्टॅटच ना?’ मी म्हटलं, जरा थांबा.

हे सगळे अंदाज होते, आणि सगळ्यांत पोकळ अंदाज ३.७५ चा. पहिल्या वर्षाच्या संख्याशास्त्रात ए मिळणं आणि प्रॉबॅबिलिटी थिअरीत ए मिळणं यांत फार अंतर आहे. दुसरी गोष्ट, गणिताचा हा फायदा फक्त एमडीच्या अर्जात मिळतो. डीओ शाळांची, म्हणजे ऑस्टिओपॅथिक शाळांची, अर्जयंत्रणा वेगळी आहे आणि तिच्या विज्ञान जीपीएत गणित धरत नाहीत. त्या हिशेबाने या मुलीचं पहिलं वर्ष ३.४३ नव्हे, ३.२५ होतं. डीओ झालेले डॉक्टर इथे एमडींच्या बरोबरीने सगळं काही करतात, पण आपल्या मंडळींना हा पर्याय फार उशिरा आठवतो. तो आधीपासून डोळ्यांसमोर हवा, म्हणून दोन्ही आकडे मांडले.

त्या तक्त्यातली खरी गोष्ट मुलीनेच हेरली. तिने २७ सामाईक क्रेडिटची सरासरी ३.४ ची ३.८ केली आणि सगळे शेवट बदलले. न्यूरोसायन्स ३.४७ वरून ३.६२ वर गेलं, बायोकेमिस्ट्री ३.३७ वरून ३.५२ वर. सर्वांत वाईट आणि सर्वांत चांगल्या मेजरमध्ये मिळून फरक ०.१८ चा, आणि ऑरगॅनिक-फिजिक्स नीट केल्याचा फरक जवळपास तेवढाच. ‘मावशी, म्हणजे आपण चुकीच्या गोष्टीवर भांडतोय का?’ अगदी चुकीच्या नाही, पण निम्मं भांडण त्या २७ क्रेडिटवर व्हायला हवं होतं.

मग रसायनात दोनदा बी का, हे बघितलं. मला वाटत होतं कॉलेजातला पहिला धक्का असेल, सगळ्यांनाच बसतो. पण तिने वर्णन केलं ते असं: दर रविवारी संध्याकाळी बाबा तिच्या होस्टेलवर कॉल करत आणि आठवड्याचे सगळे प्रश्न पडद्यावर सोडवून दाखवत. बाबा उत्तम शिकवतात, मी स्वतः ऐकलंय. तिला सगळं समजायचं. परीक्षेत कागद कोरा समोर आला की पहिली ओळ सुचायची नाही, कारण पहिली ओळ कायम बाबांनी लिहिलेली असायची. शेजारी बसून गाडी चालवायला शिकावं तसं ते झालं होतं. संख्याशास्त्र बाबांना येत नव्हतं, तिथे ए.

हे टेबलावर बोलणं अवघड होतं. बाबा गप्प झाले, मग म्हणाले, ‘मग मी आता काय करू?’ मी म्हटलं, ऑरगॅनिकचं पुस्तक उघडू नका. रविवारी फोन करा, पण जेवलीस का एवढंच विचारा. तिच्यासाठी ठरलं ते साधं होतं. प्रश्नसंच आधी एकटीने, घड्याळ लावून, उत्तरं न बघता. अडलेले प्रश्न घेऊन प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे त्यांच्या भेटीच्या ठरलेल्या वेळेला. आणि चारजणींचा अभ्यासगट, ज्यात प्रत्येकीने फळ्यावर एक प्रश्न इतरांना समजावायचा.

आता मेजर. आईचा मुद्दा, की बहुतेक मुलं न्यूरोसायन्स किंवा बायॉलॉजी घेतात, तो खराच आहे. एमडीचे निम्म्याहून अधिक अर्जदार जीवशास्त्राच्या कुठल्या ना कुठल्या शाखेचे असतात. अमेरिकन मेडिकल कॉलेजांची संघटना दरवर्षी मेजरनुसार तक्ता छापते. त्यात मानव्यविद्या, भौतिक विज्ञान, गणित यांच्या अर्जदारांना प्रवेश मिळण्याचं प्रमाण जीवशास्त्रवाल्यांपेक्षा थोडं जास्त दिसतं. यावरून ‘गणित घ्या, प्रवेश मिळेल’ असं सांगणारे व्हिडिओ आईने पाहिले होते. त्यावर माझा विश्वास नाही. गणित-संख्याशास्त्रातून देशभरात काही शेच मुलं अर्ज करतात, आणि ती आधीच गणितात घट्ट असतात. जीवशास्त्रात सुरुवात करून डळमळीत झालेली, तरी अर्ज करून बघणारी मुलं त्या गटात नसतातच. फरक मुलांत आहे, मेजरने तो घडवला असं त्या तक्त्यातून निघत नाही.

एमकॅटच्या दृष्टीने पाहिलं तरी एकही मेजर पुरं पडत नाही. २०१५ पासूनच्या परीक्षेत चार भाग आहेत, गुण ४७२ ते ५२८, विश्रांती धरून जवळजवळ साडेसात तास. एक भाग रसायन-भौतिकाचा, एक जीवशास्त्र-बायोकेमिस्ट्रीचा, एक मानसशास्त्र-समाजशास्त्राचा आणि एक निव्वळ उतारे वाचून तर्क करण्याचा. बायोकेमिस्ट्रीची पदवी तिसऱ्या भागाला हात लावत नाही; पब्लिक हेल्थची पहिल्याला. उताऱ्यांच्या भागाला कोणीच शिकवत नाही, वाचनाची सवयच कामी येते.

मग मी तिला जीपीए सोडून एक प्रश्न विचारला. पहिल्या वर्षात कुठल्या कामात वेळ कसा गेला ते कळलं नाही? क्षणाचाही विचार न करता तिने संख्याशास्त्राचा प्रकल्प सांगितला. ती गावच्या फर्स्ट एड स्क्वॉडमध्ये स्वयंसेवक आहे. न्यू जर्सीत कितीतरी गावांची अँब्युलन्स सेवा अजून अशा स्वयंसेवकांवर चालते. सतराव्या वर्षी ती तिथे गेली, मग ईएमटीचं, म्हणजे अँब्युलन्सवरच्या तातडीच्या मदतीचं, प्रशिक्षण घेतलं. प्रकल्पासाठी तिने कॅप्टनच्या परवानगीने नावं-पत्ते काढलेल्या नोंदी घेतल्या: कॉल किती वाजता आला, गाडी किती वाजता निघाली, किती वाजता पोचली. तिला दिसलं की उशीर रस्त्यात होत नाही, गाडी निघण्याआधी होतो, आणि तोही कामाच्या दिवशी दुपारी, जेव्हा स्वयंसेवक आपापल्या नोकरीवर असतात. हे सांगताना ती हातवारे करत होती. बायोकेमिस्ट्रीबद्दल बोलताना तिने हात मांडीवरून उचलले नव्हते.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच होतं. प्रवेश मिळाला नाही तर संख्याशास्त्राची पदवी घेऊन क्लिनिकल ट्रायल्सच्या आकडेवारीचं काम करता येतं, आणि तेही त्याच औषध कंपन्यांत. बाबांना हे माहीत होतं; त्यांच्या इमारतीतला एक अख्खा मजला बायोस्टॅटिस्टिक्सवाल्यांचा आहे. मेजर म्हणून त्यांच्या ते मनात आलं नव्हतं इतकंच.

तरी त्या दिवशी आम्ही काही ठरवलं नाही. मेजर जाहीर करायला दुसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत मुदत होती. मी सुचवलं की चालू सेमिस्टरमध्ये ऑरगॅनिक एक आणि कॅल्क्युलस दोन दोन्ही घे. कॅल्क्युलस दोन बायोकेमिस्ट्रीलाही लागतं, संख्याशास्त्रालाही. त्यामुळे कुठेही गेलीस तरी क्रेडिट फुकट जात नाही. कॅल्क्युलस दोनमध्ये बी किंवा कमी आला तर संख्याशास्त्र सोडायचं आणि न्यूरोसायन्स घ्यायचं, हे तेव्हाच लिहून ठेवलं. अशी अट आधी लिहिली नाही तर निकालानंतर प्रत्येकजण आपल्या सोयीचा अर्थ काढतो.

डिसेंबरात कॅल्क्युलस दोनमध्ये ए आला, ऑरगॅनिकमध्ये बी प्लस. ऑरगॅनिकच्या वर्गाची सरासरी बघता हा बी प्लस पहिल्या वर्षाच्या बीपेक्षा पुष्कळ वरचा होता. मार्चमध्ये तिने संख्याशास्त्र जाहीर केलं. वसंत सेमिस्टरला ऑरगॅनिक दोनमध्ये ए मायनस. आई अजूनही मधूनच न्यूरोसायन्सचं नाव काढते. बाबांनी काढलेलं नाही.

सगळं काही मनासारखं झालं असं नाही. तिसऱ्या वर्षी प्रॉबॅबिलिटी थिअरीत बी प्लस आला, म्हणजे तक्त्यातला ३.७५ चा अंदाज फुगीरच होता. आता आम्ही तिथे ३.६ धरतो, आणि तसं धरलं की न्यूरोसायन्सवरची आकड्यांची आघाडी जवळपास संपते. तिला हे दाखवलं. तिने मेजर बदललं नाही, आणि मला ते योग्य वाटलं.

संख्याशास्त्राची खरी किंमत वेळापत्रकात मोजावी लागली. बायॉलॉजीच्या मुलांचे प्री-मेड विषय मेजरमध्येच बसतात; हिचे बसत नाहीत. ऑरगॅनिकनंतर भौतिकशास्त्र, बायोकेमिस्ट्री, शिवाय मेजरचे पेपर, हे सगळं करून तिसऱ्या वर्षाच्या वसंतात एमकॅट द्यायची आणि त्याच उन्हाळ्यात अर्ज करायचा, हे कागदावर जमत होतं, पण एकाच सेमिस्टरमध्ये चार जड विषय येत होते. तिने अर्ज एक वर्ष पुढे ढकलला. पदवीनंतरचं मधलं वर्ष ती काम करेल. हल्ली दाखल होणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांचं असं किमान एक वर्ष मध्ये गेलेलं असतं. ठाण्याच्या आजीला हे समजावणं मात्र कोणाला जमलेलं नाही. तोवर मावसभावाची इंटर्नशिप चालू झालेली असेल.

सध्या अडलंय ते शिफारसपत्रांशी. बऱ्याच शाळा दोन पत्रं विज्ञानाच्या प्राध्यापकांची मागतात, आणि संख्याशास्त्राचा प्राध्यापक त्यांत चालतो की नाही हे शाळेगणिक वेगळं. मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या एमएसएआर या सशुल्क यादीत शाळांच्या अटी एकत्र सापडतात. तिने तिथून पंचवीस शाळांचा तक्ता केलाय आणि जिथे संदिग्ध आहे तिथे थेट प्रवेश कार्यालयाला लिहितेय. तिला सगळ्यांत चांगलं ओळखणारे प्राध्यापक संख्याशास्त्राचे, ज्यांनी अँब्युलन्सचा प्रकल्प बघितला. ऑरगॅनिकच्या प्राध्यापकांना ती ऑफिस अवर्समधून ठाऊक आहे, ते पत्र देणार आहेत. दुसरं विज्ञानाचं पत्र बायोकेमिस्ट्रीतून मिळवावं लागेल. तो वर्ग पुढच्या सेमिस्टरला आहे आणि त्यात दोनशेहून अधिक मुलं असतात, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात पुढच्या रांगेत बसायचं असं तिने ठरवलंय.